चित्र वाईट आलं तरी चालेल: लिंडा बॅरीच्या वर्गात काय शिकवतात?

(ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला आवडेल त्यांच्यासाठी हा पूर्ण मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं तशीच ठेवली आहेत. मधे वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी गाळली आहे.)

  

आज आधी एक प्रश्न. तुम्ही शेवटचं चित्र कधी काढलंत? फिल्टर लावलेला फोटो धरायचा नाही. ॲपला सांगून बनवून घेतलेलं चित्रही नाही. कागद, पेन आणि तुमचा हात, एवढंच.

मी हा प्रश्न ज्यांना ज्यांना विचारला, त्यांच्याकडून साधारण एकच उत्तर आलं: "अगं, मला चित्रकला जमतच नाही." गंमत बघा हं. मी विचारलं होतं 'कधी काढलंस', आणि उत्तर येतं 'जमत नाही'. शेवटचं गाणं कधी गुणगुणलंस असं विचारलं, तर कुणी असं म्हणत नाही. गाता येवो न येवो, आंघोळीला गेलं की सगळेच गातात. चित्राच्या बाबतीत मात्र आपण बाथरूममध्ये, दार लावूनसुद्धा गात नाही.

पाच वर्षांचे असताना आपण सगळेच चित्रं काढत होतो. भिंतीवर, वहीच्या मागच्या पानावर, धुळीत बोटाने. मग ते थांबलं कुठे? आणि थांबलं तर आपलं काही गेलं का, की नुसता एक छंद सुटला? आजचा भाग याच प्रश्नावर आयुष्यातली कितीतरी वर्षं घालवलेल्या एका शिक्षिकेबद्दल आहे. त्यांचं नाव लिंडा बॅरी.

बाई कोण आहेत?

लिंडा बॅरी अमेरिकेतल्या व्यंगचित्रकार आहेत. जन्म १९५६ सालचा, विस्कॉन्सिन राज्यातला. वाढल्या सिएटल शहरात, कष्टकरी लोकांच्या वस्तीत. आईकडून त्या फिलिपिनो वंशाच्या. घरातलं वातावरण काही मायेचं नव्हतं, हे त्यांनी स्वतःच आपल्या चित्रकथांमधून सांगितलं आहे. शाळेत असतानाच त्या रात्रपाळीला एका हॉस्पिटलात साफसफाईचं काम करायच्या.

पुढे त्या वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरग्रीन स्टेट कॉलेजात गेल्या. तिथे कॉलेजच्या वर्तमानपत्राचा संपादक होता मॅट ग्रेनिंग. हो, तोच, ज्याने पुढे 'द सिम्पसन्स' तयार केलं. बॅरी यांची सुरुवातीची कॉमिक्स त्याने छापली. नंतर अमेरिकेतल्या शहरी साप्ताहिकांमध्ये त्यांची 'अर्नी पूक्स कॉमीक' नावाची चित्रमालिका सुमारे तीन दशकं चालली. त्यातली मुलं पुस्तकातल्या गोड मुलांसारखी नाहीत. ती भांडतात, घाबरतात, मोठ्यांचं चोरून ऐकतात. रेषा वाकड्यातिकड्या, आणि प्रत्येक चौकटीत अक्षरांची नुसती गर्दी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, हे तर एखाद्या पोरानेच काढलंय. त्या चित्रांची ताकद तिथेच होती.

मग साप्ताहिकांना उतरती कळा लागली. एकेक गिऱ्हाईक कमी होत गेलं आणि २००८ साली मालिका थांबली. त्याच वर्षी बॅरी यांचं 'व्हॉट इट इज' हे पुस्तक आलं. अर्धं चित्रांचं, अर्धं लिखाणाचे धडे देणारं. पुढच्या वर्षी त्याला कॉमिक्सच्या जगातला मानाचा आयस्नर पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये त्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन शहरातल्या शाखेत पाहुण्या कलाकार म्हणून गेल्या आणि नंतर तिथल्याच प्राध्यापक झाल्या. वर्गाच्या नोंदींवरून त्यांनी दोन पुस्तकं केली: 'सिलॅबस' (२०१४) आणि 'मेकिंग कॉमिक्स' (२०१९). २०१९ मध्येच त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ६,२५,००० डॉलर्स, आणि त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

एवढं ऐकून वाटेल की यांच्या वर्गात चित्रकलेत तरबेज असलेल्यांनाच प्रवेश मिळत असेल. तसं नाहीये. ज्यांनी लहानपणीच चित्र काढणं सोडलं, असे विद्यार्थी बॅरीबाईंना फार आवडतात. कारण त्यांची रेषा जिथे सोडली तिथेच थांबलेली असते. आठ वर्षांची असेल, पण जिवंत असते.

ते दोन प्रश्न

मग सोडतो का आपण? बॅरी यांचं म्हणणं असं आहे की लहान मूल चित्र काढतं तेव्हा ते चित्र 'बनवत' नसतं. ते खेळत असतं. तोंडाने आवाज काढतं, 'मग इथून राक्षस आला, मग धडाम' असं म्हणतं आणि आधी काढलेल्या घरावरच काळ्या रेघोट्या मारतं. घर पडलं! आपण म्हणतो, अरे, एवढं छान घर काढलं होतंस, खराब केलंस. पण त्याच्या दृष्टीने काहीच खराब झालेलं नाही. गोष्ट पुढे गेली.

मग एक वय येतं, साधारण चौथी-पाचवीचं. डोक्यात दोन प्रश्न शिरतात. हे चांगलं झालंय का? की अगदीच भिकार झालंय? बॅरी यांनी या दोन प्रश्नांवरच एक चित्रकथा केली आहे. प्रश्न साधे वाटतात, पण एकदा मानगुटीवर बसले की पेन कागदावर टेकायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

आपल्याकडे हे कसं होतं ते तुम्हाला सांगायला नको. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी, आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. हे चित्र महाराष्ट्रातल्या निम्म्या वह्यांमध्ये सापडेल. त्यातल्या कितीजणांनी दोन डोंगरांच्या मधून उगवणारा सूर्य खरंच बघितला होता? ते चित्र आपण काढायचो, कारण ते 'बरोबर' येतं. त्याला मार्क मिळतात.

बॅरी यांच्या कामाच्या मुळाशी एक प्रश्न आहे. तो त्यांना त्यांच्या कॉलेजातल्या शिक्षिका मॅरिलिन फ्रास्का यांच्याकडून मिळाला: प्रतिमा म्हणजे काय? इथे प्रतिमा म्हणजे भिंतीवर टांगायचं चित्र नव्हे. गोधडीचं उदाहरण घ्या. लहान मुलाची एक ठरलेली गोधडी असते. मळकी, कोपऱ्यात चोखून चोखून फाटलेली. तुम्ही तश्शीच नवी आणून दिलीत तरी ते घेणार नाही. त्या जुन्या कापडात त्याच्यासाठी काहीतरी जिवंत आहे. बॅरी यांच्या मते गोष्ट, गाणं, चित्र, आठवण या सगळ्यांत जे असं जिवंत असतं ती प्रतिमा. चांगलं-वाईटचा निकाल आधीच लागला असेल, तर ती यायलाच धजत नाही.

म्हणून त्यांच्या वर्गाची सगळी रचना एकाच कामासाठी आहे. त्या दोन प्रश्नांना दाराबाहेर ठेवायचं.

वर्गात नेमकं काय चालतं?

पहिली गोष्ट, नाव. विद्यार्थी वर्गात आपलं खरं नाव वापरत नाहीत. टोपणनाव घ्यायचं आणि तेच चालवायचं. बाई स्वतःही कधी 'प्रोफेसर च्युबाका' असतात, तर कधी 'प्रोफेसर ओल्ड स्कल'. यात गंमत आहेच, पण कारणही आहे. खऱ्या नावाला इतिहास चिकटलेला असतो. 'हिचं अक्षर वाईट', 'हा गणितात हुशार पण हाताने धोंडा' वगैरे. टोपणनाव कोरं असतं.

दुसरी गोष्ट, हजेरी. कुणी 'प्रेझेंट मिस' म्हणत नाही. वर्गात आल्यावर प्रत्येकाने एका छोट्या कार्डावर स्वतःचं चित्र काढायचं. वेळ दोन-तीन मिनिटं. हीच हजेरी. आता विचार करा, आठवड्यातून दोनदा, पूर्ण सत्रभर तुम्ही स्वतःला काढताय. पहिल्या चार-पाच वेळा लाज वाटेल. दहाव्या वेळी ते बसच्या पासवर शिक्का मारून घेण्याइतकं साधं होऊन जाईल. कार्ड लहान आहे, हेही मुद्दाम. मोठा पांढरा कागद समोर आला की माणूस घाबरतो. तळहाताएवढ्या कार्डावर कोण काय मोठं बिघडवणार?

तिसरी गोष्ट, घड्याळ. इथे आणखी एका शिक्षकाची ओळख करून देते: इव्हान ब्रुनेट्टी. इटलीत जन्मलेले आणि शिकागोच्या कोलंबिया कॉलेजात शिकवणारे व्यंगचित्रकार. त्यांच्या 'कार्टूनिंग' या पुस्तकातल्या अभ्यासांचा बॅरी यांच्या वर्गात भरपूर वापर होतो. एक अभ्यास असा: एक मोटारगाडी काढा, भरपूर वेळ घेऊन. मग तीच गाडी कमी वेळात. मग आणखी कमी. असं करत करत शेवटी ५ सेकंदांत.

आत्ता फोन खाली ठेवून करून बघा. रिक्षा काढा हवं तर. पहिल्या रिक्षात तुम्ही मीटर, आरसा, मागचा 'हॉर्न ओके प्लीज' सगळं घालायला जाल आणि निम्म्या गोष्टी आठवणार नाहीत. ५ सेकंदांच्या रिक्षात फक्त एक कुबड, तीन चाकं आणि पुढचं चपटं नाक उरेल. आणि बऱ्याचदा तीच जास्त रिक्षा वाटेल! कारण ५ सेकंदांत 'हे चांगलं झालंय का' असं विचारायला फुरसतच मिळत नाही. हाताला जे माहीत आहे तेवढंच कागदावर येतं. कॉमिक्सला लागतं तेही एवढंच. वाचणाऱ्याने एका नजरेत ओळखायला हवं, ही रिक्षा. तपशील मोजायला तो थांबणार नाहीये.

चौथी गोष्ट, आणि ही ऐकून मी खरंच चक्रावले: कौतुक बंद. टीका तर बंदच, पण 'वा, मस्त!' हेसुद्धा नाही. विद्यार्थी आपण लिहिलेलं वाचून दाखवतो तेव्हा बाकीचे त्याच्याकडे बघत नाहीत. ते आपापल्या कागदावर चकलीसारखं वेटोळं काढत राहतात. हळूहळू, रेषेला रेष न लावता, आतून बाहेर. वाचून झालं की बाई 'गुड' एवढंच म्हणतात, प्रत्येकाला तेच. आणि पुढचा.

कौतुकाने काय बिघडतं, असं वाटेल. तर विचार करा, तुमच्या आधीच्या मुलीला सगळ्यांनी 'वा' म्हटलं आणि तुम्हाला नाही म्हटलं. झालं! दोन्ही प्रश्न परत वर्गात. हे आपण रोज अनुभवतो की. फोटो टाकला, लाइक किती आले? तिला तीनशे, मला अकरा. पुढचा फोटो टाकताना तो अकराचा आकडा आपल्या मागे उभा असतो. बॅरी यांचा वर्ग म्हणजे लाइकचं बटण काढून टाकलेली जागा.

आणि ती चकली? ऐकताना हात हलता राहिला तर कान उघडे राहतात, असा त्यामागचा विचार. याला आधार देणारं एक छोटं संशोधनही आहे. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या जॅकी अँड्रेड यांनी ४० जणांना फोनवरचा एक रटाळ निरोप ऐकवला. त्यातल्या निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार रंगवत बसायला सांगितलं. नंतर विचारलं तर रंगवत बसलेल्यांना २९ टक्के जास्त आठवत होतं. तेव्हा ऑनलाइन लेक्चरमध्ये वहीच्या कडेला नक्षी काढत असाल आणि आई ओरडली, तर हा भाग तिला ऐकवा.

चार वर्षांचे गुरू

विद्यापीठात बॅरी यांनी 'ड्रॉब्रिज' नावाचा एक उपक्रम केला. पीएचडी करणारे विद्यार्थी आणि बालवाडीतली तीन-चार वर्षांची मुलं यांच्या जोड्या लावल्या. पीएचडीवाले आपापल्या प्रबंधात अडकलेले. त्यांनी या मुलांबरोबर जमिनीवर बसून चित्रं काढायची. मुलांना शिकवायचं नाही, त्यांच्याकडून शिकायचं.

काय शिकायचं? मूल कागद पुढे आला की विषय निवडत बसत नाही. आधी रेघ ओढतं, मग बघतं की हे काय झालं. 'हा साप आहे. नाही, हा रस्ता आहे.' आपण मोठे लोक उलटं करतो. आधी सगळं ठरवायचं, मग करायचं, आणि ठरलेलं सापडलं नाही तर सुरुवातच करायची नाही. प्रबंधाचं पहिलं वाक्य न सुचल्यामुळे सहा महिने गेलेले लोक मला माहीत आहेत. तुम्हालाही असतील. कदाचित तो माणूस आत्ता हा भाग ऐकतही असेल. असो.

लिखाणासाठीही बॅरी हीच युक्ती वापरतात. पेन थांबवायचं नाही. काही सुचलं नाही तर बाराखडी लिहा, चकली काढा, पण हात चालू ठेवा. विषयही भारदस्त नसतो. समजा, 'तुमच्या आयुष्यातल्या गाड्या'. दहा गाड्यांची यादी करायची. त्यातली जी डोळ्यांपुढे लख्ख उभी राहील ती निवडायची. मग स्वतःला विचारायचं: मी कुठे आहे? दिवसाची कुठली वेळ आहे? उजेड कुठून येतोय? समोर काय आहे? डावीकडे, उजवीकडे, मागे, पायाखाली? एवढी उत्तरं दिली की ती जागा तुमच्याभोवती उभी राहते. मग 'मी' पासून सुरू करायचं आणि सात-आठ मिनिटं न थांबता लिहायचं.

मी 'काकांची लुना' निवडली होती. मागे काय आहे, या प्रश्नापाशी मला अचानक रॉकेलचा वास आला. रेशनच्या रांगेतून परत येत होतो आम्ही, आणि कॅन माझ्या मांडीवर होता. हे मला आठवतंय हेच मला माहीत नव्हतं.

चार चौकोनांची डायरी

आता या वर्गातला मला सगळ्यात उपयोगी पडलेला भाग. रोजची डायरी. बॅरी यांचे विद्यार्थी ती काळ्या-पांढऱ्या संगमरवरी नक्षीच्या पुठ्ठ्याच्या साध्या वहीत लिहितात. आपल्याकडे कुठलीही दोनशे पानी चालेल.

पान चार भागांत वाटायचं. पहिल्यात, आज मी केलेल्या सात गोष्टी. दुसऱ्यात, आज मी पाहिलेल्या सात गोष्टी. तिसऱ्यात, कानावर पडलेलं एक वाक्य, जसंच्या तसं. चौथ्यात, पाहिलेल्यातल्या एका गोष्टीचं झटपट चित्र. हे सगळं पाच-सात मिनिटांत. 'मला आज कसं वाटलं' हा रकाना नाही, लक्षात घ्या. भावना लिहायच्या नाहीत. केलं, पाहिलं, ऐकलं, काढलं.

पहिल्या आठवड्यात काय होतं माहितीये? 'केलेल्या' सात गोष्टी पटकन भरतात. 'पाहिलेल्या' सातला मात्र गाडी अडते. दिवसभर डोळे उघडे होते, पण पाहिलं काय? स्क्रीन. स्क्रीन. बसची खिडकी. परत स्क्रीन. ही टोचणी फार कामाची आहे. दोन-तीन आठवड्यांत तुम्ही दिवसाच शोधायला लागता, की आज डायरीत काय जाईल. लोकलमध्ये एका बाईने गजरा अर्धा तोडून शेजारणीला दिला. एटीएमच्या दारात झोपलेलं कुत्रं, आणि त्याला ओलांडून जाणारे लोक. आधीही हे सगळं घडतच होतं. आपण तिथे नव्हतो.

महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना 'स्मरणचित्र' नावाचा पेपर आठवत असेल. नाव किती सुंदर आहे बघा. आठवून काढायचं चित्र. पण बरेचजण त्याला ठरलेली माणसं पाठ करून जायचे. एक छत्रीवाला, एक फुगेवाला, एक डोक्यावर टोपली घेतलेली बाई. विषय बाजार असो नाहीतर जत्रा, तीच मंडळी हजर. आपल्याला उत्तर आठवायचं, बाजार नाही. ही डायरी म्हणजे रोजचा स्मरणचित्राचा पेपर आहे, फक्त तपासायला कुणी नाही.

मग फोटो काढला तर काय बिघडलं?

हा प्रश्न येणारच. खिशात कॅमेरा आहे की! गजरा दिसला, काढला फोटो, झालं.

यावर दोन संशोधनं सांगते. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठाच्या लिंडा हेन्केल यांनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवत होत्या. लक्षात ठेवायचं काम आपण कॅमेऱ्यावर सोपवून मोकळे होतो, असा त्यांचा निष्कर्ष. २०१४ मधला हा अभ्यास. त्यातच आणखी एक गोष्ट दिसली. वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढला, तर आठवण बिघडली नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नाही. प्रश्न, आपण थांबून बघितलं का, हा आहे.

दुसरं संशोधन कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचं, २०१६ मधलं. लोकांना साधे शब्द दिले. काही शब्द परत परत लिहायचे, काहींचं चित्र काढायचं. नंतर अचानक परीक्षा. ज्या शब्दांची चित्रं काढली होती ते कितीतरी जास्त लक्षात राहिले. वेळ अवघा ४ सेकंद दिला तरी फायदा दिसला. आणि आपल्या कामाचा मुद्दा म्हणजे, चित्र चांगलं आलं की वाईट याने काही फरक पडला नाही. चित्र काढताना तुम्हाला अर्थाचा विचार करावा लागतो, डोळ्यांपुढे आणावं लागतं, हात हलवावा लागतो. तिन्ही वाटांनी ती गोष्ट आत जाते.

माझ्या वहीतलं

मी ही डायरी गेलं वर्षभर लिहितेय. रोज जमत नाही, पण आठवड्यातून चार-पाच दिवस होते.

आमची आजी आता आमच्याकडे असते. ८४ वर्षांची आहे. तिची आठवण हळूहळू विरत चाललीये. माझ्या फोनमध्ये तिचे शंभरेक फोटो असतील. सगळ्यांत ती एकसारखी बसलेली, कारण कॅमेरा दिसला की ती पदर सारखा करते आणि मान ताठ करते. वहीत मात्र दुसरीच आजी आहे. तिसऱ्या चौकोनात एका दिवशीचं वाक्य आहे: "तुझ्या आजोबांना सांग, दूध नासलंय, येताना घेऊन या." आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली. चौथ्या चौकोनात तिचा हात आहे, स्टीलचं फुलपात्र धरलेला. चित्र एकदम बेकार आहे. बोटं भुईमुगाच्या शेंगांसारखी आलीयेत. पण ते काढताना मला दिसलं की ती फुलपात्र दोन्ही हातांनी धरते आणि तोंडाला लावायच्या आधी अर्धा वळसा फिरवते. चोवीस वर्षं मी तिच्या आसपास वाढले. हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

आता ती मला मधूनमधून आत्याच्या नावाने हाक मारते. काही दिवसांनी कुठल्याच नावाने मारणार नाही, हे मला माहीत आहे. त्या वहीने आजीची आठवण परत येणार नाही. माझी मात्र राहील. आणि त्यासाठी बोटं शेंगांसारखी आली तरी मला चालतात.

"पण यातून चित्रकला येते का?"

कला महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मैत्रिणीने मला हेच विचारलं, जरा चिडूनच. आम्ही इथे शरीररचना, यथार्थदर्शन, छायाप्रकाश यांवर रात्री जागवतो, आणि तू म्हणतेस ५ सेकंदांत रिक्षा काढा?

तिचा राग रास्त आहे. या वर्गातून तुम्हाला हुबेहूब व्यक्तिचित्र काढता येणार नाही. त्यासाठी वेगळा रियाज लागतो आणि त्याला पर्याय नाही. पण तिनेच पुढे सांगितलं, की तिच्या वर्गातले अर्धे लोक असाइनमेंट सोडून स्वतःसाठी काहीही काढत नाहीत. हात तयार आहे, पण काढायचं काय ते सापडत नाही, आणि सापडलंच तर ते पुरेसं चांगलं होणार नाही अशी भीती. म्हणजे ते दोन प्रश्न तिथेही बसलेच आहेत. उलट ज्यांचा हात चांगला, त्यांना वाईट चित्र काढणं जास्त कठीण जातं. त्यांना गमवायला काहीतरी आहे ना!

आणि आपल्या पिढीपुरता आणखी एक मुद्दा. आता एक ओळ टाइप केली की चकचकीत चित्र मिळतं. बोटं अगदी बरोबर, छायाप्रकाश झकास. 'छान दिसणारं चित्र' ही गोष्ट जवळजवळ फुकट झाली आहे. चित्र काढायचं कारण तेवढंच असेल, तर ते कारण संपलं. पण ॲपला आजीचं फुलपात्र माहीत नाही. ॲप तिथे बसलेलं नव्हतं. काढताना जे बघावं लागतं, ते दुसऱ्या कुणाकडून करून घेता येत नाही. व्यायाम दुसऱ्याने केला तर घाम आपल्याला येत नाही, तसंच हे.

आज रात्री करून बघा

तर साहित्य: एक वही, एक पेन. पेन्सिल नको, कारण पेन्सिलीमागे खोडरबर येतो. फोन टायमर लावून दूर, उलटा ठेवा.

पानाचे चार भाग. केलेल्या सात गोष्टी, २ मिनिटं. पाहिलेल्या सात, २ मिनिटं. सात भरले नाहीत तर तीन लिहा, उद्या चार होतील. ऐकलेलं एक वाक्य, अर्धा मिनिट. सुधारून लिहू नका, माणूस जसा बोलला तसंच. मग एक चित्र, १ मिनिट. टायमर वाजला की थांबायचं, नाक राहिलं असेल तरी. वही मिटायची. कुणाला दाखवायची नाही, स्टोरीला टाकायची नाही, निदान पहिला महिना तरी नाही. आणि मागची पानं लगेच उलटून बघू नका. महिन्याने एकदम बघा.

घरात लहान भाचा-पुतणी असेल तर तिच्याबरोबर जमिनीवर बसून काढा. तिला काही शिकवू नका. ती घरावर काळ्या रेघोट्या मारायला लागली तर थांबवू नका. विचारा, "मग पुढे काय झालं?"

महिन्याभराने मला कळवा, तिसऱ्या चौकोनातलं तुमचं सगळ्यात आवडतं वाक्य कुठलं ते. चित्र पाठवू नका हं. मी 'वा, मस्त' म्हणून बसेन आणि सगळा घोटाळा होईल.

चला, आजच्यापुरतं एवढंच. भेटूया पुढच्या भागात. तोवर बघत राहा, आणि वाईट चित्रं काढत राहा!